न कुजलेला पेंढा

गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे बुजआत्याच म्हणायचे. बुजगावणी करणारी आत्या म्हणून बुजआत्या. लग्न होऊन गेली आणि फार लवकर परत आली. का आली ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. धाकट्या भावाच्या घरामागं एक खोली होती, तिथं तिनं बस्तान मांडलं. एक खाट, एक विळा, सुतळीचे गुंडे, भिंतीला टेकवलेले बांबू, आणि खुंट्यांवर लोकांचे जुने सदरे, कोट, विजारी. नवखा माणूस दारातून डोकावला की दचकायचा. त्याला वाटायचं, आत माणसं दाटीनं उभी आहेत आणि आपल्याला बघून बोलायची थांबली आहेत.

बुजगावणं तसं कुणीही करतं. दोन काठ्या बांधायच्या, वर मडकं पालथं घालायचं, फाटका सदरा चढवला की झालं. त्याला पाखरं एक-दोन दिवस लांबून बघतात आणि मग त्याच्याच डोक्यावर बसून शिटतात. आत्याच्या बुजगावण्यावर पाखरू बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. तिची रीत वेगळी होती. ज्याचं शेत त्याच्याच अंगावरचं कापड लागायचं, तेही न धुतलेलं, घाम मुरलेलं. कुणी परीटघडीचा सदरा आणून दिला की ती तो तोंडावर फेकायची.

"पाखराला माणूस ठाऊक असतो," ती म्हणायची. "कोण नुसता आरडतो आणि कोण खरंच धोंडा मारतो, हे त्याला तुझ्या बायकोपेक्षा जास्त कळतं. तू घालून फिरतोस तोच सदरा आण."

चेहरा ती काढत नसे. मडक्यालाही तिच्या हाताखाली जागा नव्हती. पेंढ्याचं डोकं कापडात ताणून बांधायचं, वर टोपी अशी झुकवायची की खाली नुसता अंधार राहावा. नाक-डोळे रंगवले की पाखराला कळतं की हे खोटं आहे. अंधारात काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणून ते लांब राहतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तोंडाची. बुजगावणं रोवण्याआधी ती एक अख्खी सकाळ बांधावर बसून काढायची. पाखरं कुठून येतात, कुठल्या झाडावर आधी थांबतात, कोण पुढं येऊन टेहळणी करतं, हे सगळं बघायची आणि बघता बघता शिव्या घालायची. "आलास का मुडद्या? काल एवढं गिळलंस, पोट फुटलं कसं नाही तुझं?" एका कावळ्याशी तर तिचं इतकं हाडवैर होतं की तो मेला तेव्हा ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. मग उठून बुजगावणं रोवायची, पण पिकाकडं तोंड करून कधीच नाही. "राखणदारानं पिकाकडं बघत बसायचं नसतं. चोर येतो त्या वाटेकडं बघायचं असतं." या शिवारात चोर यायचे ओढ्यापलीकडच्या राईतून. तिथली जुनी झाडं कुणाच्या मालकीची नव्हती, त्यामुळं कुणी तोडलीही नव्हती. म्हणून शिवारातली झाडून सगळी बुजगावणी राईकडं तोंड करून हात पसरून उभी असत.

हंगाम सरला की आत्या ती उपटून आणायची आणि मागच्या अंगणात त्यांची पोटं फाडायची. आतून काय काय निघायचं. उंदरांची गुलाबी पिल्लं, बाहीत गांधीलमाशीचं घर, काठीला लागलेली वाळवी, पेंढा तर काळा भिजट, हाताला चिकटणारा. तो उकिरड्यावर जायचा. तिचं कुठलंच बुजगावणं दुसऱ्या वर्षाला पुरत नसे आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. शेतात उभा राहणारा जीव शेतानं खायचाच, त्यात रडायचं काय.

मग सोसायटीनं नवं औषध आणलं. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांची, आणि ती चालवायचा चेअरमन. हा माणूस तोंडाचा गोड. कुणाच्याही मळ्यात शिरला तरी आधी म्हशीची चौकशी करायचा. त्यानं औषधाची पिंपं आणली, पाठीवरचे पंप आणले आणि फवारायला गावातलीच चार-पाच माणसं लावली. आत्याचा भाऊ त्यातलाच एक. कीड गेली, कणसं भरली, चेअरमनच्या घरावर दुसरा मजला चढला. सगळं खरं होतं.

त्याच सुमाराला पाखरं कमी व्हायला लागली. आत्याच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण तिनं त्याचा अर्थ आपल्या बाजूनं लावला. तिला वाटलं, हात बसला. इतकी वर्षं घासली, आता कुठं कसब हातात उतरलं. पेंढा कमी कुजायला लागला तेव्हा ती भावजयीला म्हणाली, "बघ, बांधणी कशी घट्ट होत चाललीय माझी." दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. चूक करायलासुद्धा तेवढी वर्षं घासावी लागतात.

एका हिवाळ्यात शहरातला टीकाकार आला. तो चालला होता भलतीकडंच, वाट चुकला. गाडी रस्त्याला लावून शेतात उभ्या असलेल्या एका माणसाला त्यानं रस्ता विचारला. माणूस बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. मग चिखल तुडवत जवळ गेला आणि जागच्या जागी थिजला.

"तो नाही बोलायचा," बांधावरून आत्या म्हणाली. "माझ्याशीपण बोलत नाही. मी केलाय तरी."

टीकाकार बराच वेळ त्या बुजगावण्यापुढं उभा राहिला. मग बांधावर येऊन बसला आणि विचारत सुटला. कापड कुणाचं, चेहरा का नाही, हात असे किंचित पुढं का झुकलेले. आत्यानं विचारलं, "तुम्ही करता काय?"

"चित्रं, मूर्ती बघतो आणि त्यांच्यावर टीका लिहितो."

"त्याचे पैसे मिळतात?"

"मिळतात. थोडे."

"मग आमच्या भावजयीला पेन्शन लागू करा. दिवसभर तेच करते ती."

तो खळखळून हसला आणि ते हसू शिवारात लांबवर गेलं. त्याला कुठूनच काही साथ मिळाली नाही. तेव्हा त्या दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

एक बुजगावणं तो शहरात घेऊन गेला. तिथं मोठ्या दालनात ते उभं केलं. मग पेपरात लेख आला, अर्धं पान, फोटोसकट. भावजयीनं तो वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की या मूर्तीसमोर उभं राहिलं की माणसाला वाटतं, आपण कुणाच्या तरी वाटणीचं खाऊन बसलो आहोत. लोक त्या दालनात फार वेळ थांबत नाहीत. आणि शेवटी असं होतं की मी त्या शिवारात गेलो तेव्हा तिथं एकही पाखरू नव्हतं, एका बाईनं आपल्या हातांनी एवढं मोठं आभाळ रिकामं केलं आहे.

"आभाळ रिकामं केलं," आत्यानं ते परत वाचायला लावलं. तिला ते फार आवडलं. आयुष्यात तिच्याबद्दल कुणी चांगलं एक वाक्य बोललं नव्हतं, आणि हे तर छापून आलं होतं.

चेअरमननं लेखाला काच बसवून तो सोसायटीच्या भिंतीवर टांगला. आत्याला खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवल्या. मग रस्त्याच्या कडेनं बुजगावणी लावायचं काम दिलं, पिकासाठी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावीत म्हणून. आत्या बांधत गेली. गाड्या थांबायच्या, लोक फोटो काढायचे, पण कुणी फार वेळ उतरून राहायचं नाही. गावातली माणसंसुद्धा आता त्या वाटेनं जाताना बोलायची थांबत. लांबून कुणी दिसलं की आधी वाट बघायची की ते हलतंय का, आणि हललं की मग रामराम घालायचा.

त्या हंगामानंतर आत्या नेहमीसारखी विळा घेऊन अंगणात बसली. पहिल्याचं पोट फाडलं. पेंढा बाहेर आला तो पिवळाधमक, कुरकुरीत, आजच मळणी झाल्यासारखा. दुसरं फाडलं, तसंच. तिसऱ्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि आत चाचपत राहिली. उंदराची लेंडीसुद्धा नव्हती. काठीवर वाळवीची रेघ नाही, बाहीत कोळ्याचं जाळं नाही. नाकाशी धरला तर पेंढ्याला गोडसर वास होता, दवाखान्याच्या फरशीसारखा.

भावजय चुलीसाठी एक पेंडी उचलायला आली. आत्या म्हणाली, "राहू दे."

"का वन्सं? चांगला कोरडा आहे."

"म्हणूनच."

भावजय पेंडी खाली ठेवून तिथंच घुटमळली. मग हळूच म्हणाली, "एक सांगू? ह्यांचा फवारणीचा सदरा मी हल्ली घरात आणत नाही. गोठ्यात टांगते. धुतला की हाताची सालं जातात. आणि त्याच्यावर माशी बसत नाही वन्सं. गोठ्यात एवढ्या माश्या, पण त्या सदऱ्यावर एक नाही."

आत्यानं विळा खाली ठेवला. त्या दिवशी तिनं बाकीची बुजगावणी फाडलीच नाहीत. आहेत तशी भिंतीला लावून ठेवली. रात्रीच्याला खोलीत ती आणि ते सगळे, असं बरेच दिवस चाललं.

पुढच्या हंगामात मका डोक्यावर गेला तेव्हा ती चेअरमनच्या शेतात आपली बुजगावणी बघायला गेली. भर दुपार होती. वारा नव्हता, त्यामुळं पानांचा आवाज नव्हता आणि दुसरा कसलाच आवाज आता तिथं होत नसे. मक्याच्या ओळीत तिला एक बुजगावणं दिसलं. हात पुढं, मान जरा कललेली, तोंडाला फडकं गुंडाळलेलं. ते इथं आपण कधी रोवलं ते तिला आठवेना. पण कॉलर दुमडली होती आणि तसलं तिला खपत नसे. पुढं होऊन तिनं कॉलर सारखी केली. आतली मान गरम होती.

फडक्यावरच्या दोन डोळ्यांनी उघडझाप केली.

"ताई?" भाऊ म्हणाला.

आत्याचा हात तिथंच राहिला. तिनं इतकी वर्षं माणसासारखं बुजगावणं केलं होतं. बुजगावण्यासारखा माणूस पहिल्यांदा बघत होती.

"असा का उभा आहेस?"

"हातपाय आपले वाटेनात. म्हटलं, जरा थांबू."

"किती वेळ झाला?"

त्यानं मान न वळवता आभाळाकडं बघितलं. "ऊन तिकडं होतं तेव्हापासून."

तिनं पंप त्याच्या पाठीवरून उतरवला, त्याला हाताला धरून बांधावर आणलं, पाणी पाजलं. ओंजळ तोंडापर्यंत नेताना त्याचे हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. घरी सांगू नकोस म्हणाला. घरी माहीतच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सोसायटीची बैठक झाली. चेअरमननं विषय मांडला. उरलीसुरली कीड राईत जाऊन लपते आणि परत येते, तेव्हा एकदा राईचीच फवारणी करून टाकू, झाडांच्या शेंड्यापर्यंत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळी माणसं, सगळे पंप तिकडं लावायचे.

मधवाला म्हातारा उठला. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या गेली दोन वर्षं रिकाम्या होत्या तरी तो बैठकीला मधवाला म्हणूनच यायचा. "माझ्या माश्या गेल्या," तो म्हणाला. "पाखरं गेली. उरलंय ते त्या राईत आहे. तिथंही मारलं तर मग परत यायला मागं कुणी राहणार नाही."

"बाबा, तुमच्या माश्यांचं मला वाईटच वाटतं," चेअरमन म्हणाला. "पण पाखरांचं बिल औषधावर फाडू नका. पाखरं का येत नाहीत ते शहरातल्या जाणत्या माणसानं लिहून दिलंय." त्यानं भिंतीवरच्या काचेकडं बोट केलं. "आमच्या आत्याच्या भीतीनं येत नाहीत. आत्या, तुम्हीच सांगा. एका शब्दाचं काम आहे."

सगळ्या माना वळल्या. आत्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती. काचेत तिला आपलाच फोटो दिसत होता, बुजगावण्याशेजारी उभा, आणि लांबून दोघांतलं कोण कोण ते कळत नव्हतं. खरं बोलावं तर त्या काचेमागं काही उरत नव्हतं. कसब नाही, नाव नाही, रिकाम्या शेतात उगाच काठ्या रोवत बसलेली एक म्हातारी तेवढी उरत होती. आणि होय म्हणावं तर राई जात होती. राईत अजून होला पाखरांची एक जोडी होती. आत्यानं आपल्या कानानं ऐकली होती, आणि ऐकून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या बुजगावण्यांना न भिता जी जोडी राहिली तिचा बोभाटा ती कशाला करेल.

"सांगते विचार करून," ती म्हणाली.

"विचार कसला त्यात," चेअरमन हसला आणि पुढचा विषय घेतला. मधवाला तिच्याकडं बघत राहिला. ती त्याच्याकडं बघायचं टाळत बाहेर पडली.

बाजाराच्या आदल्या दिवशी टीकाकार परत आला. त्याला आणखी बुजगावणी हवी होती, या वेळी आणखी मोठ्या शहरासाठी. आत्या त्याला घेऊन त्याच बांधावर बसली.

"कुठली नेऊ ते दाखवा," तो म्हणाला.

"आधी तुम्ही बघा. मागं बघितलं होतं तसं. आणि काय दिसतं ते सांगा."

तो बघत राहिला. त्या माणसाला बघता येत होतं, हे मान्य करायला हवं. घाई नाही, काही नाही. पण या वेळी थोड्या वेळानं त्यानं चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. मग बराच वेळ नुसता ऐकत बसला.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हाही असंच होतं?"

"असंच."

"हे असं गप्प... मला वाटलं, हे तुम्ही केलंय."

"मलाही तसंच वाटलं," आत्या म्हणाली.

दोघंही एकाच घरात चोरी करताना सापडलेली माणसं बसतात तशी शेजारी शेजारी बसून राहिली.

"मी पुन्हा लिहितो," तो शेवटी म्हणाला. "चुकलो असं लिहितो."

"लिहा की. पण पहिलं काचेत आहे. दुसरं कोण लावणार तिथं? आणि परवा सकाळी माणसं राईत शिरणार."

त्यानं चष्मा घातला, शिवाराकडं बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "एक विचारू? तुम्ही म्हणाला होता, धोका येतो तिकडं यांचं तोंड असतं. सगळी त्या झाडांकडं बघतायत. तिकडून आता कोण येतं?"

आत्या उत्तर द्यायला वळली आणि तिचं लक्ष रस्त्याकडं गेलं. सोसायटीचा टेम्पो पिंपं घेऊन गावात शिरत होता. तिची सगळी बुजगावणी त्याच्याकडं पाठ करून उभी होती.

"आज एकही मिळायचं नाही," ती उठत म्हणाली. "काम निघालं."

बाजाराच्या दिवशी गाव ओस पडतं. सकाळीच भावजय घरोघर फिरली. फवारणीवाल्यांच्या बायकांना म्हणाली, आत्याला कापडं पाहिजेत, कामाची, न धुतलेली. कुणी का म्हणून विचारलं नाही, आत्या कापडं मागतच असे. उलट घरातून गेली तर बरं, अशाच विचारानं त्यांनी काठीवर धरून ती बाहेर आणून दिली. फडकी, टोप्या, हातमोजेसुद्धा. मधवाल्यानं आपली हातगाडी आणली. आत्यानं त्याला एवढंच म्हटलं, "बैठकीत बोलले नाही. आता हात चालवते." म्हातारा म्हणाला, "तोंडापेक्षा तेच बरं तुझं," आणि बांबू भरायला लागला.

दुपारभर तिनं बांधणी केली. हाताला कापड गुंडाळलं होतं तरी बोटांना आग सुटली. पेंढा नवा घेतला नाही. भिंतीला लावून ठेवलेल्यांच्या पोटातला, न कुजलेला, तोच काढून भरला. प्रत्येक माणूस कसा उभा राहतो ते तिला माहीत होतं. एक खांदा पाडून उभा राहायचा, एकाची मान पुढं असायची, एक पाय फाकून. त्यांची पोरंही ओळखणार नाहीत इतकं तिला ते ठाऊक होतं, कारण शेतात माणूस कसा दिसतो हेच बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. भावाचं तिनं शेवटी केलं. हात पुढं, मान जरा कललेली. कॉलर दुमडलेलीच ठेवली.

एक कोट उरला होता. फार पूर्वी चेअरमन नुसता शेतकरी होता तेव्हा त्यानं आपल्या पहिल्या बुजगावण्यासाठी दिलेला, खिशाला विडीनं पडलेलं भोक असलेला. हंगाम सरल्यावर आत्यानं तो काढून खुंटीला लावला होता आणि तो तिथंच होता. तिनं तोही भरला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं पाठीवर पंप घेऊन राईकडं निघाली. धुकं होतं. ओढा ओलांडायच्या आधी पुढचा माणूस थांबला, कारण राईच्या तोंडाशी आधीच कुणीतरी उभं होतं. त्याला वाटलं, दुसरी तुकडी लवकर आली असावी. त्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही. धुकं जरा विरळ झालं तेव्हा कळलं की एक नाही, ओळ आहे, आणि ओळ त्यांच्याकडंच तोंड करून उभी आहे. तोंडाला फडकी, हात पुढं. राईकडं पाठ.

कुणी हसलं नाही. प्रत्येकानं आपापला ओळखला. खांदा पाडून उभा राहणारा स्वतःच्या पडलेल्या खांद्याकडं बघत होता आणि नकळत आपला खांदा वर उचलत होता. टोपीखाली जिथं चेहरा असायचा तिथं नुसता अंधार होता. एकानं हळूच विचारलं, "हे आपलेच कपडे ना?" भाऊ सगळ्यात मागं होता. तो पुढं आला, ओढ्याच्या काठावर थांबला आणि पलीकडच्या स्वतःकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या मानेवर हात फिरवला, जिथं त्या दिवशी ताईचा हात लागला होता. पंप उतरवून खाली ठेवला. त्याच्या मागोमाग बाकीच्यांनी ठेवले.

चेअरमन आला तेव्हा ऊन वर आलं होतं. "काय चाललंय?" तो म्हणाला. "काठ्या आहेत त्या. उपटा."

"तुम्ही उपटा," खांदा पाडणारा म्हणाला. असं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ.

चेअरमननं विजार वर धरली आणि ओढ्यात उतरला. पलीकडच्या काठावर आत्या दगडावर बसली होती. ती उठली नाही.

"आत्या, ही काय चेष्टा?"

"चेष्टा नाही. काम आहे माझं. चोर येतो तिकडं तोंड करून लावलीत."

"पाखरं राहिली नाहीत म्हणून माणसांना भिववता काय आता?"

"पाखरं माझ्या भीतीनं गेली नाहीत," आत्या म्हणाली, मोठ्यानं, पलीकडं उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं. "मलाही वाटलं होतं. पेपरवाल्यालाही वाटलं. आम्ही दोघंही खुळे. या पेंढ्यात उंदीर राहायला येत नाही. वाळवी शिवत नाही. हात घालून बघ. आणि बघितल्यावर तुझ्या नातवाला यावर झोपवशील का ते यांना सांग."

चेअरमन एका बुजगावण्याकडं वळला. त्याला वाटलं असेल, एक उपटलं की बाकीचे आपोआप पुढं येतील. त्यानं हात पुढं केला आणि मग त्याला खिशाचं भोक दिसलं. त्याचा हात कोटापासून वीतभर अंतरावर राहिला. कोट त्याच्या तरुणपणीच्या मापाचा होता. टोपीखालच्या अंधारात तो काय बघत होता ते काठावरच्यांना कळलं नाही, पण बराच वेळ बघत होता. लांबून बघणाऱ्याला दोघांतला कुठला हलणार ते सांगता आलं नसतं. मग एक हलला, आणि ओढ्यात उतरून परत आला.

"आज धुकं आहे," तो म्हणाला. "पुढं बघू."

धुकं केव्हाच गेलं होतं. पण पंप परत गेले. पुढं बघायचं म्हणून फवारणीचा विषय बैठकीत दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा माणसं मिळाली नाहीत. चेअरमननं काचेतला लेख उतरवून ठेवला, कारण आत्याचं नाव निघालं की लोक आता नको ते विचारायचे. त्या जागी भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला. रस्त्याकडेच्या बुजगावण्यांचं काम तिच्याकडून गेलं. टीकाकारानं दुसरा लेख लिहिला म्हणतात, तो गावात कुणी आणला नाही. शेतातली फवारणी चालूच आहे. भाऊ मात्र पुन्हा पंपाला शिवला नाही. आता तो मधवाल्याच्या रिकाम्या पेट्या दुरुस्त करत बसतो. खिळा धरताना हात अजून थरथरतो.

राईपुढची ओळ कुणी काढली नाही. आपले कपडे परत मागायलाही कुणी आलं नाही. त्या वाटेनं जाणारी माणसं मान खाली घालून जातात.

आत्या अधूनमधून तिकडं जाऊन एकेकाच्या पोटात हात घालते. पेंढा अजून पिवळाच आहे. परवा गेली तेव्हाही तसाच होता. हात काढून निघाली आणि चेअरमनच्या कोटापाशी थबकली. कोटाच्या खांद्यावर पांढरा ओघळ होता, ताजा, अजून पुरता वाळलेला नव्हता. तिनं वर बघितलं. झाडात काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, पानसुद्धा हललं नाही.

"मुडद्या," आत्या झाडाकडं बघून म्हणाली, "एवढा नवा भरलेला कोट, आणि तुला हीच जागा मिळाली?"

उत्तराची वाट बघत ती जरा वेळ थांबली. मग ओघळ तसाच ठेवून घरी गेली.